उकडीचा सुपरमॅन

मी ॲक्शन फिगर जमवतो, म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे हिरोंचे छोटे पुतळे, आणि आमच्या घरात त्यांच्या शोकेसचा नियम आहे, एक आत आला की एक बाहेर जाणार. नियम बायकोने केला, मागच्या दिवाळीच्या साफसफाईला, तेव्हा मी माळ्यावर चढलेलो आणि शिडी तिच्या हातात होती, त्यामुळे वाटाघाटी वगैरे काही झाल्या नाहीत, मी वरूनच हो म्हटलं.

आता मागवायचा एक आणि मनात सुपरमॅन दोन. एक क्लासिक, म्हणजे निळा अंगरखा, लाल चड्डी बाहेरून, पिवळा पट्टा, छातीवर एस, विषय संपला. दुसरा नव्या डिझाइनचा, उंच कॉलर, अंगभर चिलखतासारख्या रेघा, बुटाला शिवण, कपड्याची वीणसुद्धा कोरलेली, आणि चड्डी गायब. तीन आठवडे झाले माझं ठरत नव्हतं. याच तीन आठवड्यांत मी होम लोन दुसऱ्या बँकेत फिरवलं, त्याला मला अर्धा तास लागला.

ज्यांना या विषयातलं काही माहीत नाही ते म्हणतात अरे बाहुल्याच ना त्या, कुठलीही घे. बाहुल्या म्हणायचं नाही हे पहिलं. १९६४ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने जी. आय. जो हा सैनिक काढला तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून मुद्दाम ॲक्शन फिगर हा शब्द शोधला गेला, म्हणजे साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मोठमोठ्या लोकांनी मीटिंगा घेऊन ज्याची सोय करून ठेवलीये ती आमच्या सोसायटीच्या वॉचमनने एका वाक्यात घालवली, "साहेब, तुमची बाहुली आलीये, गेटवर ठेवलीये."

तर चड्डी. सुपरमॅन १९३८ साली आला तोच लाल चड्डी बाहेरून घालून, कल्पना सर्कशीतल्या पैलवानांवरून घेतलेली. ७३ वर्षं कोणाची काही तक्रार नव्हती. मग २०११ साली डीसी या त्याच्या कंपनीने सगळी कॉमिक परत पहिल्या अंकापासून सुरू केली आणि चित्रकार जिम लीने नवा ड्रेस काढला त्यात चड्डी गेली. २०१८ ला सुपरमॅनच्या ॲक्शन कॉमिक्स या मालिकेचा १००० वा अंक आला, त्यात चड्डी परत, २०२५ च्या सिनेमातही बाहेरूनच. हे सगळं मी एकदा जेवताना आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ७३ वर्षं बाहेरून, सात वर्षं आतून आणि आता परत बाहेरून. त्याला आई नाही का रे?" आता त्याला दोन आया आहेत, एक जन्म देणारी, क्रिप्टॉन ग्रहावरची, आणि एक वाढवणारी, कॅन्ससची, पण ते सांगायला घेतलं असतं तर भात गार झाला असता.

मुळात हे ड्रेस साधे का होते तर कॉमिक छापायचे स्वस्तातल्या कागदावर, चार शाईंमध्ये. बारीक रेघ काढावी तर शाई पसरून तिचं गिचमिड, शिवाय एकच माणूस पानापानावर पन्नास वेळा काढायचा असतो, कोण शिवणी काढत बसणार. म्हणून मोठे सपाट रंग आणि छातीवर एक ठसठशीत खूण. बॅटमॅनचा काळा रंग वाचता यावा म्हणून त्यात निळी चमक दाखवायचे, ती इतकी वाढली की तो निळाच झाला, आणि आज आमच्यातली जाणती माणसं त्या निळ्या की काळ्या केपवरून एकमेकांशी बोलायची बंद झालीयेत.

आता माझा स्वतःचा प्रॉब्लेम आहे धूळ. आम्ही राहतो ठाण्याला, घोडबंदर रोडला. खिडकी उघडली की वारा येतो असं बिल्डरच्या ब्रोशरमध्ये होतं आणि ते खरंय, वारा येतो, पण एकटा येत नाही, रस्त्यावरचे ट्रक आणि मेट्रोचं काम थोडं थोडं सोबत घेऊन येतो. साध्या फिगरवरून फडकं फिरवलं की झालं. डिटेलवाल्याच्या प्रत्येक रेघेत धूळ जाऊन बसते, आणि ती काढायला मी रविवारी मुलाचा वॉटरकलरचा दोन नंबरचा ब्रश घेऊन बसतो. बगल, कॉलर, बुटाची शिवण, पट्ट्याच्या आतली बाजू. एकदा शेजारचे काका आले, मला बघितलं आणि काही न बोलता पेपर ठेवून परत गेले. ज्याला कंपनी डिटेल म्हणते ती धूळ बसायची जागा असते, हे माझं मत आहे आणि ते ब्रश हातात असताना झालेलं आहे.

पण हेही खरंय की रात्री अकराला सगळे झोपल्यावर टेबल लॅम्पखाली एखादा डिटेलवाला हातात घेतला की काय सांगू. नखं असतात हो त्याला! कपड्याची वीण दिसते. म्हणजे दिसायची, आता माझा जवळचा नंबर पावणेदोन झालाय त्यामुळे चष्मा लावला तरच वीण दिसते, नाहीतर सगळेच क्लासिक.

शेवटी मी हा प्रश्न आमच्या ग्रुपपुढे ठेवला. ग्रुप म्हणजे आम्ही तिघं, शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटतो. एक नौपाड्यातले काका, बँकेतून रिटायर, यांच्याकडे १९७२ साली मेगो कंपनीने काढलेल्या मालिकेतल्या दोन फिगर आहेत, आठ इंची, खऱ्या कापडाचे कपडे घातलेल्या, अमेरिकेतल्या मेव्हण्याने दिलेल्या, आणि काकू बोलल्या तर पटकन कपाट बंद करतात. दुसरा डोंबिवलीकर, हा पूर्ण डिटेलच्या बाजूचा, फोनमध्ये पोरांचे फोटो कमी आणि फिगरच्या गुडघ्यांचे जास्त.

"हे बघ," डोंबिवलीकर म्हणाला, "बॉक्सवर लिहिलंय, २२ मूव्हिंग पार्ट्स. २२ ठिकाणी वळतो हा."

मी सध्या जेमतेम चार ठिकाणी वळतो आणि त्यात कंबर नाही, पण ते असो.

काका म्हणाले, "१९८४ ला केनर कंपनीने सुपर पॉवर्स नावाचे हिरो काढले, सात ठिकाणी हलायचे फक्त. पण पाय दाबले की ठोसा मारायचा! आमचे पाय दाबले तर आम्ही झोपतो." आणि मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला, की टॉड मॅकफार्लेन हा स्वतः चित्रकार, १९९४ ला त्याने खेळण्यांची कंपनी काढली, स्पॉन या स्वतःच्याच कॉमिकमधल्या हिरोच्या फिगरमध्ये इतकं बारीक काम घातलं की बाकी सगळ्यांना ते करावं लागलं, डिटेलचं हे वेड वाढवण्यात त्याचा मोठा हात, आणि त्याच कंपनीने २०२२ ला पुन्हा त्या ८४ सालच्या साध्या फिगरच्या चालीवरचे सुपर पॉवर्स बाजारात आणले. "सगळे फिरून साध्या वरणावरच येतात," काका म्हणाले.

डोंबिवलीकर म्हणाला मग स्पायडरमॅनचं काय, तो तर १९६२ पासूनच जाळीजाळीचा, तो क्लासिक का डिटेल? काका गप्प झाले. मला वाटतं स्पायडरमॅनची जाळी म्हणजे पैठणीचा मोर, तो काढला तर पैठणी राहत नाही. आयर्न मॅनला रेघा शोभतात कारण तो मशीन आहे, कुठूनतरी उघडत असणार. सुपरमॅनला रेघा कशाला, त्याचं काय बोनेट उघडायचंय?

मग काकांनी टेस्ट काढली. ज्याला लांबून ओळखता येत नाही तो कसला हिरो, म्हणून डोंबिवलीकराने स्वतःचे दोन्ही सुपरमॅन दोन हातांत धरून उभं राहायचं आणि आम्ही वीस पावलं लांब जायचं. शनिवार संध्याकाळ, तलावपाळीला पाय ठेवायला जागा नाही, बोटिंगची रांग, घोडागाडी, फुगेवाले, आणि त्यात एक टक्कल पडलेला माणूस दोन बाहुले वर धरून उभा (इथे मीच बाहुले म्हटलं, पण दिसत तसंच होतं). दोन बायका पोरांना घेऊन त्याच्याजवळ गेल्या आणि केवढ्याला विचारलं. आमचं एकमत होईना म्हणून काकांनी शेजारच्या चणेवाल्याला पंच केलं. त्याने डावीकडे बघितलं, लगेच म्हणाला सुपरमॅन. उजवीकडे बघितलं, डोळे बारीक केले, पुडी बांधता बांधता थांबला, म्हणाला, "हा पोलीस आहे का कोण?"

"लाइट कमी आहे इथे," डोंबिवलीकर ओरडला.

झालं, माझं क्लासिक ठरलं. ऑर्डर करायला फोन काढला, आणि घरी पोचेपर्यंत परत डळमळलो. कारण किंमत. बजेटच्या दिवशी लोक इन्कम टॅक्सचा स्लॅब बघतात, मी खेळण्यांची कस्टम ड्युटी बघतो. २०२० च्या बजेटमध्ये ती २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७० टक्के. एवढे पैसे मोजायचे तर माणूस विचार करतो की रेघा जास्त मिळतायत तर घ्याव्यात, थाळीत कसं, पोट भरलं तरी श्रीखंड सोडवत नाही.

पण खरी गंमत उकडीची. माझ्याकडे आधीची एक डिटेलवाली फिगर आहे, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, तिचा गुडघा बॉक्समधून काढला तेव्हापासून जाम. रंगाने चिकटतो तो सांधा, जोर लावला की तुटतो. उपाय सगळ्यांना माहितीये, गरम पाण्यात ठेवायची, प्लास्टिक मऊ पडतं, मग हळू वळवायचं. नाहीतर हेअर ड्रायर, पण बायकोचा ड्रायर मी एकदा बॅटमॅनच्या कमरेला लावताना सापडलोय. म्हणून बायको ऑफिसला गेल्यावर चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं आणि सोडला सुपरमॅन. तेवढ्यात आई आली.

"काय शिजवतोयस?"

मी काही बोललो नाही. तिने झाकण उचललं. सुपरमॅन एक हात वर करून तरंगत होता.

"उकडीचा आहे का?" ती म्हणाली. मग चिमटा घेतला, पाय धरून बाहेर काढला, ओट्यावर उभा केला, चष्मा वर करून नीट बघितलं. "अंगावर एवढ्या रेघोट्या आणि डोळे बघ, एक स्टेशनकडे, एक घाटाकडे. आखणी चुकली की सगळं फुकट."

आखणी! अरे, आमच्यात लोक यावर पानंच्या पानं लिहितात, आईने एका शब्दात संपवलं. ते पातेलं मात्र त्या दिवसापासून माझं झालं. त्यात आता चहा होत नाही.

आणि मग जुलैत गणपती बुक करायला गेलो. दरवर्षीचंच, चरईतला कारखाना, पेणहून आलेल्या मूर्ती, आई, बायको आणि मी, मी म्हणजे छत्री धरायला. आईला हवी शाडूची, साधं पिवळं पीतांबर, लाल शेला, बास. बायकोचं लक्ष बाजूच्या मूर्तीवर, खऱ्या कापडाचं धोतर, फेटा, सगळीकडे खड्यांचं काम.

"अहो आई, ही बघा ना किती रेखीव आहे, काम बघा."

"काम आहे गं, पण गणपती कुठे दिसतोय त्यात? लांबून नुसता लखलखाट. आणि धूळ बसली की त्या खड्यांत जाऊन बसते."

"दीड दिवसात कसली धूळ बसतेय?"

मी छत्री मिटली. म्हटलं आता ऐकावंच. चाळीस मिनिटं चाललं. उंची हवी तर बारा इंची का चौदा, मखरात कुठली बसेल, बैठक कशी, हात सुटा आहे का अंगाला चिकटलेला, कापडी धोतर का रंगवलेलं. मधे मूर्तिकार म्हणाला साधीच जास्त अवघड, तिच्यात चूक लपवायला जागा नसते, आणि मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. शेवटी साधी ठरली, पण शेल्याला सोनेरी काठ काढून द्यायचा, म्हणजे दोघींचं झालं. येताना रिक्षात मी म्हटलं की तुम्ही आत्ता जे बोललात ना, शब्द न शब्द, तेच आम्ही तलावपाळीला...

"देवाची बरोबरी करू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

बरं. पण एक फायदा झाला, त्या दिवशी रात्री मी काही विचार न करता क्लासिक मागवून टाकला. गुरुवारी आला. वॉचमनने बाहुलीच म्हटलं. बॉक्स उघडला, डोळे सरळ, दोन्ही एकाच दिशेला, गुडघा पहिल्या झटक्यात वळला, केप कापडी आणि तिच्या काठात तार घातलेली, म्हणजे वाऱ्यावर उडाल्यासारखी वळवता येते, नाहीतर त्या प्लास्टिकच्या केपच्या वजनाने माणूस रात्रीतून मागे पडतो आणि सकाळी शोकेसमध्ये पाठीवर झोपलेला सापडतो. मी त्याला मधोमध उभा केला. नियमाप्रमाणे एक बाहेर जायला हवा होता. कोण जाणार ते बघत उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर डोंबिवलीकराने त्याचा तो नव्या डिझाइनचा पोलीस मला निम्म्या किमतीत देऊ केला होता, पिशवीत होता तोही. म्हटलं नुसता बाजूला ठेवून बघू कसा दिसतो.

बायको मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"एक म्हणाला होतास."

"अगं हो, पण हा वेगळा आहे."

"दोघेही सुपरमॅन आहेत."

"हो, पण याच्यात आणि त्याच्यात फरक आहे."

"काय फरक आहे?"

मी दोघांकडे बघितलं. काय काय सांगणार, १९३८, चार शाई, जिम ली, १००० वा अंक.

"चड्डी," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आतून का बाहेरून?"