माणूस न सापडण्याची कला

अमेरिकेत सॉफ्टवेअर कंपनी चालवायची आणि परदेशातून माणसे आणायची असा आपला विचार असेल, तर आधी चेहऱ्यावर चिंता आणण्याचा सराव करावा. देशात कुशल माणसांचा दुष्काळ पडला आहे, हे वाक्य अमेरिकन संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, समितीपुढे उच्चारताना आवाज किंचित कापला पाहिजे. त्याच आठवड्यात आपण कर्मचारी कपात जाहीर केली असेल, तरी बिचकू नये. दुष्काळ आणि कपात हे दोन वेगळ्या विभागांचे विषय आहेत आणि ते विभाग सहसा वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात.

एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्याच्या तात्पुरत्या परवान्यावर, माणूस आणण्यापूर्वी स्थानिक उमेदवार शोधावाच लागतो, असा एक भाबडा समज लोकांत आहे. तो आपण होऊन दूर करू नये. बहुतेक कंपन्यांवर कायद्याने तसे बंधनच नाही. ज्यांच्याकडे अशा कर्मचाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे त्यांच्यावर ते आहे खरे, पण कर्मचाऱ्याला वर्षाला ६०,००० डॉलर दिले की त्यातूनही सुटका होते. हा आकडा १९९८ साली ठरला. तेव्हापासून घरभाड्यापासून विद्यापीठांच्या फीपर्यंत सारे काही वाढले. हा आकडा मात्र एखाद्या व्रतस्थासारखा आसन सोडायला तयार नाही. राहता राहिली ती नोटीस. पद आणि पगार लिहिलेला कागद कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावा लागतो. ठळक म्हणजे नेमके कोठे, हे आपल्या रसिकतेवर आहे. अग्निशामक नळकांडे आणि सांडलेली कॉफी पुसण्याच्या सूचनेमधली भिंत मला स्वतःला फार आवडते.

खरी कसोटी त्याच माणसासाठी ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मागताना लागते. आपला माणूस पाच वर्षे त्या खुर्चीत बसलेला असतो, काम चोख करत असतो, आणि त्याच खुर्चीसाठी पात्र अमेरिकन उमेदवार मिळत नाही, हे आपल्याला कामगार खात्यापुढे मांडायचे असते. लग्न होऊन पाच वर्षे झाली आहेत, नवरा आतल्या खोलीत मुलाचा अभ्यास घेतो आहे आणि बाहेर आपण ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात लिहीत बसलो आहोत, तसा हा विधी आहे. तो यथासांग पार पाडावा. नियम दोन रविवारच्या वर्तमानपत्री जाहिराती मागतो. तेव्हा जगाचा कागद संपवायला निघालेल्या आपल्या कंपनीने त्या दोन दिवशी छापील शाईवर नितांत श्रद्धा ठेवावी.

मात्र उत्साहाच्या भरात अर्ज टपालानेच पाठवा, असे सांगू नये. फेसबुक आणि ॲपल या कंपन्यांवर अमेरिकेच्या न्याय खात्याने ठेवलेल्या आरोपांत हेच होते: एरवीच्या जागा संकेतस्थळावर भरायच्या आणि या जागांसाठी मात्र पाकीट, तिकीट आणि पोस्टपेटी. फेसबुकने २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची आणि ॲपलने २०२३ मध्ये २ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. रक्कम ऐकून दचकलात, तर या धंद्यात आपण अजून नवखे आहात.

परदेशी माणूस आपल्याला का आवडतो, हे मात्र चारचौघांत नीट सांगावे. त्याची बुद्धी, त्याची चिकाटी यांविषयी बोलावे. नोकरी सुटली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाही तर घर आवरावे लागते. म्हणून तो पगारवाढ मागताना आधी दिनदर्शिका पाहतो, हे बोलू नये. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम असल्यामुळे भारतीय कर्मचाऱ्याची रांग दशकांच्या हिशेबात चालते. इतका निष्ठावंत माणूस नुसत्या बोनसने मिळत नसतो.

ज्याची जागा जाणार आहे त्या स्थानिक कर्मचाऱ्याला निरोप देण्यापूर्वी त्याच्याकडून ‘ज्ञानहस्तांतरण’ करून घ्यावे आणि हातात पडणारी रक्कम त्यावर अवलंबून ठेवावी. वीस वर्षे सांभाळलेली प्रणाली रात्री अडीचला का बंद पडते, हे तो नवख्याला दाखवत असताना दोघेही एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. आपण त्या खोलीत जाऊ नये. पुढे हे दोघे एकमेकांना नोकरीचोर आणि आळशी म्हणू लागले, तर मध्ये पडण्याचे कारण नाही. भांडण जोवर त्या दोघांत आहे, तोवर ते आपल्या मजल्यापर्यंत चढत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील माणसासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा काही उद्योजक हवालदिल झाले. वास्तविक माणसाला व्हिसा लागतो, कामाला लागत नाही. माणूस तिकडेच ठेवून काम त्याच्याकडे पाठवता येते आणि त्यासाठी भिंतीवर कागदही चिकटवावा लागत नाही.

आता एवढी काळजी घेऊनही एखाद्या रविवारी जाहिरात वाचून कोणी अर्ज केलाच आणि तो हवे ते सगळे शिकलेला निघाला, तर घाबरून जाऊ नये. जागा भरली आहे, असे त्याला नम्रपणे कळवावे. कधी भरली, ते कळवू नये.