तेल गळत नाही म्हणून ऑइल पंपाचं काम पक्कं होत नाही

ऊसवाहतुकीच्या हंगामाआधी ट्रकचं इंजिन खोलायचं म्हटलं की मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो. बीड-लातूरकडच्या गॅरेजांत तो आता नियमासारखा सांगितला जातो: "ऑइल पंपाला ओरिंग-पॅकिंगचा खर्च करू नका, चौफेर सिलिकॉन मारा. जुनी ओरिंग पुसून चालते. सीलला ऑइल लावा अन् ठोकून बसवा. तेल गळायलं नाही म्हंजे काम पक्कं. प्रेशर कमी वाटलं तर जाड ऑइल टाका." (ओरिंग म्हणजे जॉइंट बंद करणारं गोल रबरी कडं.) यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची इंजिन खातात.

"गळायलं नाही म्हंजे काम पक्कं."

सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून आधी ते. पंपातून पुढे जाणारं ऑइल दाबाखाली असतं, तिथली फट ऑइल बाहेर फेकते. पण चेंबरमधून (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातून) जाळीतून वर पंपाकडे येणाऱ्या पाइपात ओढ असते. तिथली ओरिंग किंवा पॅकिंग गेलं तर थेंबही सांडत नाही. जॉइंट ऑइलच्या पातळीच्या वर असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. शिवाय हे सगळं इंजिनाच्या आत, त्यामुळे खाली पुठ्ठा टाकून डाग शोधण्यात अर्थ नाही.

लक्षणं वेगळी असतात. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारल्यावर ऑइल प्रेशरचा काटा उशिरा उठतो, मग थरथरतो. डिपस्टिकवर बारीक फेस दिसतो. घाटात चढाला काटा पडतो आणि सपाटीला परत जागेवर येतो. (पातळी कमी असली तरी हेच होतं, म्हणून आधी डिपस्टिक बघा.) खात्री करायची असेल तर सपाट जागी फुल खुणेच्या वर लिटरभर ऑइल तात्पुरतं टाका आणि इंजिन थोडा वेळ फक्त आयडलवर चालवा. काटा सुधारला तर जॉइंट ऑइलखाली बुडाल्यामुळे हवा थांबली, म्हणजे दोष तिथेच आहे. जास्तीचं ऑइल लगेच काढून घ्या.

"चौफेर सिलिकॉन मारा."

बोल्ट आवळले की बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आतही निघतं. आत ते शेवयांसारखं लोंबतं आणि गरम ऑइलच्या धारेत तुटतं. ओढीच्या बाजूचा तुकडा फिल्टरच्या आधीच पंपात जातो. तो रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर अडकला की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि प्रेशर परत चेंबरात जातं. मग मिस्त्री नवा पंप मागवतो.

टाटाच्या ट्रकांत बरीच वर्षं आलेलं कमिन्सचं 5.9 लिटरचं 6बीटी इंजिन घ्या. त्याच्या पंपाची मागची प्लेट ब्लॉकमधल्या खोबणीच्या तळाला टेकते आणि पंपाचा फ्लँज (बोल्टांची कड) ब्लॉकला लागतच नाही. ती फट बघून हमखास कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब उघडतो. ती फट ठेवलेलीच आहे, तिच्यात काहीही भरायचं नाही. बोल्ट आधी 5 आणि मग 24 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानेच. पंप खोललाच आहे तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला: आत फिरणाऱ्या रोटरच्या टोकांतली फट 0.178 मिमीपेक्षा आणि रोटर व प्लेट यांतली 0.127 मिमीपेक्षा जास्त असेल तर पंप बदला. झिजलेल्या पंपाला कुठलंच सील वाचवत नाही.

"जुनी ओरिंग पुसून चालते."

जुनी ओरिंग चिमटीत धरून कडेने बघा. गोल रबर एका बाजूने चपटं झालेलं दिसेल. ते परत फुगत नाही. नवी घेताना दुकानातल्या मिक्स डब्यातून मापानं उचलू नका, पार्ट नंबरनं घ्या. ब्रेकच्या किटमधलं रबर ब्रेक ऑइलसाठी असतं, ते इंजिन ऑइलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. नवी ओरिंग स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये भिजवा, पीळ न पडू देता बसवा, पाइप सरळ दाबा. दाबताना बाहेर नखाएवढी काळी चकती आली तर ओरिंग कापली गेली. काढा, दुसरी घाला.

"सीलला ऑइल लावा अन् ठोका."

अर्धं खरं ते हे. काळ्या रबराच्या, आत स्प्रिंग असलेल्या सीलच्या ओठाला ऑइल लावायचंच असतं, आणि स्प्रिंग ऑइलच्या बाजूला, म्हणजे आत. पण टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडं बसतं. 6बीटीच्या पुढच्या क्रँक सीलला ओठ आणि क्रँकचं टोक दोन्ही ऑइलचा अंशही न राहता पुसून घ्यावे लागतात, आणि सील क्रँकवर सरकवायला किटसोबत येणारा प्लास्टिकचा पायलट वापरावा लागतो. तो पायलट खोक्याबरोबर फेकून देणारे कमी नाहीत. क्रँकवर नख अडकेल एवढी खाच असेल तर रिपेअर स्लीव्ह (खाचेवर चढवायचं पातळ कडं) घाला. आणि ठोकणं: हातोडी थेट सीलवर पडली की सील एका बाजूने तिरकं जातं. सीलच्या बाहेरच्या कडेला टेकेल अशा मापाचा सपाट पाइप घ्या आणि फिरवत फिरवत हलके ठोके द्या.

"जाड ऑइल टाका."

मराठवाड्याच्या 43 अंशांच्या उन्हाचं कारण देऊन 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल सुचवतात. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. जिथे 15डब्ल्यू-40 सांगितलंय तिथे तेच टाका. जाड ऑइल सकाळच्या स्टार्टला जाळीतून ओढायला जड जातं, म्हणजे ओढीच्या बाजूची ओरिंग गेली असेल तर हवा आणखी जास्त जाते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: पंप बसवण्याआधी त्यात स्वच्छ ऑइल भरा, कोरडा पंप लवकर ओढत नाही. नंतर स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या भागाची) वायर काढून, डिझेल बंद ठेवून, 15-20 सेकंदांच्या टप्प्यांत स्टार्टर फिरवा. मध्ये दोन-दोन मिनिटं थांबा. काटा हलल्यावरच वायर जोडा. 6बीटीला गरम इंजिनावर आयडलला किमान 0.7 बार आणि पूर्ण आरपीएमला 2 बारच्या थोडं वर दिसायला हवं. थंड इंजिनावर काटा नेहमीच वर असतो, तेवढं बघून गाडी सोडू नका.