दोन अधिक दोन

इटालियन लोकांनी जगाला मारलेल्या थापांमध्ये 'टू प्लस टू' गाडी ही सगळ्यात देखणी थाप आहे. पुढे दोन माणसं, मागे दोन माणसं, असा तिचा हिशोब. प्रत्यक्षात पुढे दोन माणसं बसतात आणि मागे दोन आश्वासनं.

हा प्रकार निघाला तो संसारी पुरुषांच्या सोयीसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसती टू-सीटर घेतो म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "आणि आम्ही?" फेरारीने 1960 साली 250 जीटीई काढून त्याला उत्तर दिलं. मागे दोन गाद्या बसवल्या, त्यांना सीट म्हटलं आणि साडेनऊशेच्या आसपास गाड्या विकल्या. म्हणजे तेवढे नवरे सुटले. रोमच्या पोलिसांकडेही एक काळी 250 जीटीई होती. पकडलेल्या चोराला मागे बसवत असतील, तर शिक्षा तिथूनच सुरू होत असणार.

रांजणगावच्या फियाट कारखान्यातून तोरिनोला, म्हणजे ट्यूरिनला, येणाऱ्या इंजिनिअरांची जी एक वाट पडली आहे, तिच्यावरून मीही इथे आलो आणि राहिलो. शहरच वाईट. लिंगोत्तोच्या जुन्या फियाट कारखान्याच्या गच्चीवर गाड्या पळवायचा ट्रॅक आहे. 'जीटी' म्हणजे ग्रान तुरिस्मो, लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी; ही अक्षरं अंगावर मिरवणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी एक, 1951 ची लान्चिया ऑरेलिया बी 20, इथलीच. अशा गावात मुलगी शिकायला बाहेर पडली, घरात जरा शांतता झाली, की पन्नाशीच्या माणसाला जुनी गाडी घ्यावीशी वाटणारच. काहीजण अध्यात्माकडे वळतात. ते स्वस्त पडतं.

बायकोला मी विषय काढताना बचतीच्या बाजूने काढला. तीस वर्षांवरच्या गाड्यांना इटलीत नेहमीचा रोड टॅक्स नाही, हे सांगितलं. ती म्हणाली, "घे. पण आई-बाबा आले की दोघं मागे बसले पाहिजेत. आणि आपापले बाहेर आले पाहिजेत." एवढी साधी अट. माझ्या यादीतल्या निम्म्या गाड्या तिथल्या तिथे बाद झाल्या. अल्फा रोमिओ माँट्रियाल तर वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच गेली. तिच्या मागच्या सीटवर फार तर एक पर्स बसते, तीही बिनाकुरकुर नाही.

राहिल्या त्यांत पहिली अर्थात लॅम्बोर्गिनी एस्पाडा. 1968 ची, बर्तोने या गाड्यांच्या बॉड्या आखणाऱ्या कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनींनी काढलेली, व्ही 12 इंजिनाची, आणि मागे खरोखर मोठी माणसं बसतील अशी. या गाडीची आजी म्हणजे 1967 ची मार्झाल. ती एकच बनली. तिची दारं वरपासून खालपर्यंत काचेची होती आणि ती मोनॅकोच्या राजेसाहेबांनी राणीला शेजारी बसवून ग्रां प्रीच्या आधी चालवली होती. फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनींना मात्र ती दारं पसंत पडली नाहीत. बाईमाणसाचे पाय रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतील, असं त्यांचं म्हणणं. हे मी फोनवर सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस चांगल्या घरचा दिसतो."

एस्पाडा बघायला मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मेकॅनिकना घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारे सहा वेबर कार्ब्युरेटर ओळीने बघितले आणि टोपी काढली. हा नमस्कार होता की श्रद्धांजली, ते मला पटकन कळेना. मग म्हणाले, "एकाला गाता येतं. सहा जणांना एका सुरात गायला लावायचं म्हणजे मास्तर लागतो. तो मास्तर तासाचे पैसे घेतो." मालकाने किंमत सांगितल्यावर आम्ही दोघांनी गाडीच्या मागच्या काचेची खूप स्तुती केली आणि निघालो. नंबर प्लेटच्या वर एक उभी काच आहे, गाडी मागे घेताना नीट दिसावं म्हणून. ती मात्र खरंच सुंदर आहे.

मग फेरारी 400. कागदावर ही गाडी माझ्यासाठीच बनली होती. पिनिनफारिनाची सरळ रेषांची बॉडी, चार सीट, आणि 1976 साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावलेली पहिली फेरारी. कट्टर फेरारीवाले तिच्याकडे आंतरजातीय लग्न केल्यासारखे बघतात, म्हणून ती त्यातल्या त्यात कमी पैशांत मिळते. पण ही सवलत फक्त गाडी विकत घेताना असते. सर्व्हिसिंगच्या वेळी ती पुन्हा पूर्ण फेरारी होते. स्वस्त फेरारीइतकी महाग वस्तू जगात नाही, हे इथल्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळतं, आणि सांगणारा हात पुसता पुसता हसत असतो.

तेवढ्यात दादरहून सासू-सासरे आले.

सासरे म्हणजे इटालियन गाड्यांतला शेवटचा शब्द, कारण त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. "फियाट 1100 हो, कुर्ल्याला बनायची," हे ते इथे प्रत्येकाला सांगतात. स्टिअरिंगला लागून गिअर, पुढे सलग सीट, सकाळी चोक ओढून दोन शिव्या. पुढच्या सीटवर तीन आणि मागे पाच घेऊन ते महाबळेश्वरला गेले आहेत. त्यांना टू प्लस टू समजावून सांगताना माझी बोबडी वळली.

"म्हणजे एवढी लांब गाडी, आणि माणसं चार?"

"चारसुद्धा तशी नाहीत, बाबा."

"मग उरलेल्या लांबीत काय आहे?"

"इंजिन."

"जावईबुवा, आपल्याला इंजिनाला फिरायला न्यायचंय का?"

बोलोन्याला ऑक्टोबरात जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. तिथे सगळ्यांना घेऊन गेलो. सासऱ्यांनी निघताना फ्रिजवरचा मॅग्नेट खिशात टाकला, पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा. मला वाटलं, विसरून टाकला. जत्रेत एका टकाटक लाल गाडीशी ते थांबले, मडगार्डवर चुकून हात ठेवल्यासारखा केला, आणि मनोरा पत्र्यावरून घसरत घसरत खाली आला. वर लावला, पुन्हा घसरला. दाराला लावला, तर चिकटला. "मडगार्डमध्ये पत्रा कमी, पुट्टी जास्त," ते मला मराठीत म्हणाले, पण विकणाऱ्याला ते बरोबर समजलं. त्याने कापड काढून मडगार्ड झाकलं. आमचे मेकॅनिकही हेच सांगत असतात: इंजिन पैशाने नीट होतं, गंज नाही. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण दिवसभर ते हातात हात घालून गाड्यांच्या खाली वाकत होते.

माझेराती इंडीजवळ मी जरा रेंगाळलो. 1939 आणि 1940 साली माझेरातीने इंडियानापोलिसची शर्यत लागोपाठ जिंकली, त्या आठवणीचं हे नाव. विन्यालेची बॉडी, व्ही 8, उघडझाप करणारे दिवे. "आई, बसून बघता?" असं मी म्हणालो. दोन दारांच्या गाडीत मागे शिरायचं म्हणजे पुढची सीट पाडायची, एक पाय आत, डोकं खाली, मग उरलेलं आपण सगळं आत ओतायचं. सासूबाई नऊवारीत नव्हत्या एवढंच नशीब. त्या आत गेल्या. पदर सीटच्या रुळात अडकला. विकणारा 'सिन्योरा, सिन्योरा' करत धावला, बायकोने पदर सोडवला, सीट मागे सरकली आणि सासूबाईंचे गुडघे हनुवटीला भेटले. आतून आवाज आला, "बसले तर आहे. आता उठायचं तेवढं राहिलंय."

उठायला बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बायको माझ्याकडे बघत नव्हती, यावरून काय ते समजलं.

आयझो लेले बघून सासऱ्यांनी "हे कुठले लेले?" असं विचारलंच. पिएरो रिव्होल्टांच्या पत्नीचं ते लाडाचं नाव. हा कारखाना आधी फ्रिज बनवायचा आणि त्यांच्या गाडीत शेवरलेचं अमेरिकन इंजिन असायचं, हे ऐकल्यावर सासऱ्यांना ती एकदम आवडली. फ्रिजवाल्याची गाडी उन्हाळ्यात बरी, असं त्यांचं तर्कशास्त्र. पण तिचं एखादं दार-बिर लागलं तर ते आणायचं कुठून, या प्रश्नावर मेकॅनिकनी आभाळाकडे बघितलं.

फेरारी 208 जीटी4 ही मला पटणारी गाडी. सत्तरच्या दशकात इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनांवर बराच जास्त कर होता, म्हणून फेरारीने आपला व्ही 8 आटवून दोन लिटरच्या आत बसवला. कर वाचवायला इंजिन आटवणारा माणूस मला मनाने जवळचा वाटतो. पण मागची सीट त्यांनी त्याहून जास्त आटवली होती.

लान्चिया गामा कूपेपाशी खरी परीक्षा झाली. फारच देखणी, आणि मागे माणसं मावतात. किंमतही ऐकण्यासारखी. सासरे ड्रायव्हरच्या जागी बसले आणि पद्मिनीच्या सवयीने त्यांनी स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन बंद होतं, तरी विकणारा ओरडत आला. आमच्या मेकॅनिकनी मग हळूच सांगितलं ते असं. या गाडीत पॉवर स्टिअरिंगचा पंप एका बाजूच्या कॅमशाफ्टवरून चालतो. थंडीत इंजिन सुरू करून लगेच स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्या पंपावर ताण येतो, टायमिंग बेल्ट दात सोडतो, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा निकाल लागतो. मी भाषांतर करून सांगितलं. सासरे बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे सकाळी पार्किंगमधून काढताना वळायचं नाही?"

"जपून वळायचं."

"आमच्या सोसायटीत असती तर रोज समोरच्या भिंतीत जायचं."

याच रांगेच्या टोकाला, कोणी विशेष थांबत नव्हतं अशा जागी, 1973 ची फियाट 130 कूपे उभी होती. करडी, लांब, पट्टीने आखल्यासारखी. पिनिनफारिनाच्या पाओलो मार्तीन यांचं हे काम, इंजिन 3.2 लिटरचा व्ही 6, आणि तो ज्यांचा, ते आउरेलिओ लाम्प्रेदी आधी फेरारीसाठी व्ही 12 बनवायचे. एवढं घराणं असून साडेचार हजारांच्या आतबाहेरच गाड्या बनल्या, कारण एवढे पैसे देऊन नाकावर फियाटचं नाव कोणाला नको होतं. आजही तिची किंमत त्या नावामुळेच खाली आहे. मनोरा चारही मडगार्डांना चिकटला. मेकॅनिक खाली झोपून वर आले तेव्हा हसत होते.

सासूबाई न सांगता मागे शिरल्या. तपकिरी मखमल, पाय सोडायला जागा, खिडकी मोठी. त्यांनी पर्समधून चिवड्याचा डबा काढला. चिवडा निघाला म्हणजे जागा पसंत पडली, हे मला लग्नापासून माहीत आहे. दुर्दैवाने विकणाऱ्यालाही ते कळलं, आणि सासऱ्यांनी मंडईच्या पद्धतीने निम्म्यापासून सुरू केलेली घासाघीस तिथेच आडवी झाली. "तुमच्या सासूबाई फार खूश दिसतात," तो म्हणाला आणि शंभर युरोसुद्धा सोडले नाहीत. बायकोने खिडकीतून आत बघितलं, आईकडून मूठभर चिवडा घेतला आणि मला म्हणाली, "घे मग."

फॅमिली ग्रुपसाठी मी नीट मजकूर लिहून दिला होता: मार्तीन, लाम्प्रेदी, पिनिनफारिना, सगळं. सासऱ्यांना तो लांब वाटला. त्यांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'जावयांनी फियाट घेतली. सेकंडहँड. 1973 ची.'

अर्धा तास ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग दोन-तीन अंगठे आले. मग नागपूरच्या मामांचा मेसेज आला, फक्त मला, वेगळा: 'नवीन घ्यायला कमी पडत होते तर सांगायचं होतं, आपण काय परके आहोत?'