थंडीत बोन्सायचं पाणी तोडू नका

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सातारा-सांगलीकडच्या बागप्रेमींच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: थंडीत बोन्साय सुप्तावस्थेत जातं, म्हणून फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून एकदाच अर्धा कप पाणी द्या, खत पूर्ण बंद करा, कुंडी घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, उरलेली पानं हाताने काढून टाका, झाड झोपेत आहे तोवर माती बदलून घ्या आणि झाड लहान असेल तर काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवा.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही. थंड देशातल्या झाडांसाठीची माहिती कुणीतरी उचलली आणि उचलताना झाडाचं नाव आणि तिथलं हवामान मागेच राहिलं. पण या मेसेजपायी जानेवारीत वड वाळतात, कामिनी वाळते, उंबराच्या फांद्या शेंड्याकडून एकेक करून वाळत जातात. वर्षानुवर्षं छाटून, तार बांधून घडवलेलं झाड एका हिवाळ्यात गेलं तर ते बाजारातून विकत आणता येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मूळ दावा. सुप्तावस्था खरी असते, पण ती मेपल, गिंको, लार्च, पाइन, ज्युनिपर अशा समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांची. तिथे पावसाळ्यानंतर नव्हे, उन्हाळ्यानंतर दिवस भराभर लहान होतात. पानांना ते कळतं, शेंड्यांची वाढ थांबते, डोळे, म्हणजे नव्या पालवीचे कोंब, खवल्यांत बंद होतात. मग 0 ते 7 अंशांच्या आसपासची थंडी जातीनुसार शेकडो तास साठल्याशिवाय ते डोळे नीट उघडत नाहीत. जपानमधल्या ओमियाचं उदाहरण घ्या. 1923 च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले तिथे सरकले आणि 1925 मध्ये बोन्सायचं ते गाव उभं राहिलं. ओमिया साधारण 36 अक्षांशावर आहे. तिथला डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस पावणेदहा तासांचा, जूनमधला सर्वांत मोठा साडेचौदा तासांचा, आणि जानेवारीत रात्रीचा पारा शून्याखाली जातो. सातारा 18 अक्षांशाच्याही खाली, सांगली 17 च्या खाली. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस 11 तासांचा आणि सर्वांत मोठा 13 तासांचा, दोन्हींत काही मिनिटं इकडेतिकडे. रात्री गारठा पडतो, लाट आली तर पारा 10 च्या खालीही उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी गच्चीवर 28-30 अंश असतात. एवढ्यावर मेपलही झोपत नाही, वडाचा तर प्रश्नच येत नाही.

हे कुणाला पुस्तकी वाटत असेल तर तासगाव-मिरजेकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारावं. द्राक्ष हा मुळात थंड हिवाळ्याचा वेल. त्याच्या मायदेशी तो पानं गाळतो, झोपतो, वसंतात एकदाच फुटतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळ्याच्या शेवटी, बहुतेक ऑक्टोबरच्या आगेमागे, फळछाटणी घ्यायची, असा दोन छाटण्यांचा मार्ग आपल्या शेतकऱ्यांनी धरला. फळछाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, ती डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. थंड देशात जे काम हिवाळा करतो, ते इथे रसायनाकडून करून घ्यावं लागतं. ज्या जिल्ह्यात द्राक्षाला पुरेशी थंडी मिळत नाही, त्याच जिल्ह्यात गच्चीवरचा पिंपळ दिवाळीनंतर गाढ झोपतो, हे मानायचं कसं?

यावर एक प्रश्न हमखास येतो: महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात, मग? गोठतात, खरं आहे. निरभ्र रात्री उघड्या गवतावरून आणि पानांवरून उष्णता निघून जाते, थंड हवा सखल जागी साचते आणि पहाटे काही तास पृष्ठभाग गोठणबिंदूला पोचतो. ऊन वर आलं की संपलं. सुप्तावस्थेसाठी लागते ती आठवडेच्या आठवडे टिकणारी थंडी. उलट पाचगणी-महाबळेश्वरला ज्यांच्याकडे फायकस (वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं झाड) किंवा जेड आहे, त्यांनी अशा रात्री कुंडी उघड्यावर ठेवू नये. या झाडांना ती थंडी विश्रांती देत नाही, त्यांची पानं जाळते.

मग आपली झाडं विश्रांती घेतच नाहीत का? घेतात, पण ती कोरड्या हवेमुळे आणि आपापल्या वेळेला. सज्जनगडाच्या किंवा यवतेश्वरच्या वाटेने जाताना नुसतं बघत गेलं तरी कळतं. चाफा हिवाळ्यातच बोडका होतो. पळस आणि पांगारा पानं गाळून त्याच अंगावर फुलतात. पिंपळाची पानगळ साधारण माघ-फाल्गुनात, आणि पाठोपाठ तांबूस कोवळी पालवी. वड तर एरवी हिरवाच असतो, जुनी पानं टाकता टाकता नवी काढतो. कुंडीतलं झाडही याच जातीचं असतं. त्याच्या मुळांना जागा कमी मिळाली म्हणून त्याचा स्वभाव जपानी होत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ही पालवी पावसाच्या आधी, चढत्या उन्हात येते. म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा झाडाला पाणी भरपूर लागण्याचा काळ. आधीचे तीन महिने मुळं तहानलेली ठेवली असतील, तर पालवी फुटायच्या वेळी पाणी ओढायला बारीक मुळंच शिल्लक नसतात. म्हणून पुष्कळ झाडं जानेवारीत तग धरतात आणि मार्चमध्ये मरतात, आणि दोष उन्हाळ्याच्या माथी जातो.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बोन्सायचा ट्रे चार-पाच सेंटिमीटर खोल, मिश्रणात मुरूम आणि विटांचा चुरा, म्हणजे पाणी धरून ठेवणारी माती थोडीच. डिसेंबर-जानेवारीत पहाट गार असली तरी दिवसाची हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असतं. अशा हवेत वाऱ्यावरचा ट्रे दीड-दोन दिवसांत सुकतो, लहान असेल तर एका दिवसात. आठवडा फार लांबची गोष्ट. उन्हाळ्यापेक्षा पाणी कमी लागतं, हे बरोबर. पण किती कमी, हे वार ठरवत नाही. पेराएवढं बोट मातीत घाला, किंवा एक कोरडी लाकडी काडी रोवून ठेवा आणि काढून पाहा. ओल लागली तर थांबा, नाही तर द्या. देताना सकाळी ऊन आल्यावर द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर मुळांशी गार बसून राहतं.

आणि अर्धा कप तर मुळीच नको. पाणी द्यायचं तर खालच्या भोकांतून वाहून जाईल एवढं. सांगली-मिरजेकडे बोअरचं पाणी किती जड असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. कृष्णाकाठची क्षारपड जमीन सगळ्यांनी पाहिलेली आहे. असं पाणी घोटाघोटाने दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीतच राहतात. ट्रेच्या कडेला पांढरी पुटं दिसायला लागतात, पानांच्या कडा करपतात. मग लोक म्हणतात थंडीने करपलं. भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढणं हाच त्यावर उपाय, आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी.

घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, हा सल्ला तर थंड देशांतही सरसकट नाही. तिथे पानझडी झाडाला पान नसतं, म्हणून थंड शेडमधला अंधार चालून जातो. आपल्या फायकसवर हिरवी पानं असतात, ती अन्न तयार करत असतात. त्याला अंधारात नेलं की पंधरवड्यात खाली पिवळ्या पानांचा सडा पडतो, आणि लोकांना वाटतं, झोपलं बघा! ज्युनिपरसारखं झाड असेल तर ते बाराही महिने बाहेर, उन्हातच हवं. हिवाळ्यात करण्यासारखं एकच आहे: सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, 21 डिसेंबरच्या सुमाराला साताऱ्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून 49 अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत ऊन येत नाही आणि दक्षिणेच्या गॅलरीत आतपर्यंत येतं. कुंड्या तिकडे हलवा.

पानं काढण्याबद्दल थोडक्यात. जे झाड खरंच पानगळ करतं, ते पान टाकण्याआधी त्यातलं नत्र आणि इतर बरंच काही काढून सालीत, मुळांत साठवतं. हिरवं पान ओरबाडलं की ही साठवण थांबते. पानं लहान यावीत म्हणून फायकसची पानं काढतात, ते उन्हाळ्यात, निरोगी झाडाची, नवी पानं झरझर येणार असतात तेव्हा. गारठ्यात काढली तर डोळे आठवडेच्या आठवडे तसेच राहतात आणि बारीक काड्या सुकतात.

फ्रिज नकोच. उष्ण प्रदेशातलं झाड 4-5 अंशांत ठेवलं तर त्याच्या पेशींना इजा होते. मेपलसारखं झाड असलं तरी लहान होत जाणारे दिवस आणि हळूहळू वाढणारी थंडी यांनी ते आधी तयार व्हावं लागतं. 28 अंशांच्या गच्चीवरून थेट फ्रिजमध्ये गेलेलं झाड तयार नसतं.

माती बदलण्याचा सल्लाही वेळ चुकलेला आहे. मुळं कापल्यावर नवी मुळं फुटायला ऊब लागते. वड, पिंपळ, उंबर, कामिनी यांची कुंडी आपल्याकडे एक तर थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये बदलावी, किंवा पहिला पाऊस स्थिरावला की जून-जुलैमध्ये. पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात मात्र जुलैचा पाऊस एवढा असतो की ताजी कापलेली मुळं कुजतात, तिथे फेब्रुवारी-मार्चच बरा. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उलट, तिथे पावसाळ्याची सुरुवात सोयीची, कारण मार्चमधल्या कामानंतर लगेच उन्हाळ्याचा तडाखा बसतो.

मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगायला हवं. अडेनियम थंडीत खरोखर थांबतं, पानं गाळतं. त्याच्या फुगीर बुंध्यात पाणी असतं आणि गार ओल्या मातीत ते बुडापासून सडतं, म्हणून त्याला पाणी फार कमी. जेडलाही माती पूर्ण सुकल्यावरच. बोगनवेलीला हिवाळ्यात जरा ताण दिला तर फुलं चांगली येतात, पण ताण म्हणजे पान किंचित मलूल होईपर्यंत, काडी वाळेपर्यंत नाही. खताचा मुद्दाही अर्धा बरोबर. वाढ मंदावलेली असताना नत्राचा मारा नको. शेंगदाणा पेंडीचं पाणी एरवीपेक्षा निम्मं आणि पातळ करून, तेही शेंड्याला नवं पान दिसत असेल तरच.

ज्यांनी हा मेसेज वाचून आधीच पाणी तोडलं आहे, त्यांनी झाड टाकून देऊ नये. बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी लागली तर खाली खाली पाहत या, बुंध्यापर्यंत. हिरवं जिथे लागेल तिथपर्यंत झाड आहे, आणि वड-पिंपळासारखी झाडं जुन्या लाकडातूनही फुटतात. ट्रे पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, म्हणजे दगडासारखी सुकलेली माती आतपर्यंत भिजेल. मग उजेडात, पण पहिले काही दिवस दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा. मेलेल्या काड्या कापायची घाई नको, मार्चअखेरपर्यंत कुठून फुटतंय ते दिसेल. मुळं उपसून बघू नका, आणि पहिली पानं पूर्ण उघडेपर्यंत खत देऊ नका.