लोकसहभाग म्हणजे फक्त आमचे हातच हवेत का तुम्हाला?

आज परत तो मेसेज आला. रविवारी सकाळी ७ वाजता लोकसहभागातून स्वच्छता अभियान, नागरिकांनी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे, टोप्या आणि हातमोजे पालिकेकडून मिळतील. वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. नाही येणार मी. आणि का नाही येणार ते आज सगळं लिहिणारे.

मागच्या वर्षीचं अभियान आठवतंय ना सगळ्यांना? मे महिना, रविवार, आमच्या गल्लीतले चाळीसेक लोक, त्यात सत्तरी ओलांडलेल्या दोन काकू, शाळेतली पोरं, सगळ्यांनी मिळून गल्लीच्या टोकाला कित्येक वर्षं साठलेला राडारोडा, फांद्या, माती, प्लास्टिक सगळं उपसलं. ६३ पोती भरली, मी स्वतः मोजली. पालिकेचे साहेब आले, बॅनर धरला, फोटो झाले, नागरिक असे पुढे आले तर शहर बदलायला वेळ लागणार नाही म्हणाले आणि गेले. पोती उचलायला गाडी दुपारी येते असं सांगितलं होतं. ती गाडी तीन आठवडे आली नाही, मी सात वेळा फोन केला, ॲपवर तक्रार टाकली तर चौथ्या दिवशी "तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज, आणि पोती तिथेच. मग वळवाचा पाऊस झाला, पोती फाटली, सगळी माती परत रस्त्यावर आणि तिथून चेंबरमध्ये. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या दोन घरांत गुडघाभर गटाराचं पाणी. एका घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, रात्री साडेअकराला आम्ही चौघांनी त्यांचा पलंग त्यांच्यासकट उचलून विटांवर ठेवला. ते काही बोलत नव्हते, नुसते हात जोडत होते. मला ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आणि हे पाणी का शिरतं हे आम्हाला माहिती आहे हो! त्याला कन्सल्टंट लागत नाही. रस्ता दर दोन-तीन वर्षांनी होतो, जुना थर खरवडायचा असतो तो कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवीन डांबर ओततात, त्यामुळे रस्ता वर वर येत गेला आणि बिल्डिंगांचे जोते खाली गेले. चेंबरची झाकणं खड्ड्यात गेली, काही तर डांबराखाली गाडलीच गेली. वर पावसाळी लाइन आणि ड्रेनेज लाइन मध्येच कुठेतरी एकमेकांना जोडून ठेवलीये त्यामुळे जोराचा पाऊस आला की गटाराचं पाणी उलटं मारतं.

हे मला कोणी सांगितलं माहितीये? आमच्या भागातल्या मुकादम मामांनी. ते बावीस वर्षं याच भागात आहेत, कुठली लाइन कुठे वळते, जुन्या ओढ्यावर स्लॅब कुठे टाकलाय, कुठलं चेंबर गाडलं गेलंय, सगळं त्यांना पाठ आहे. खडू घेऊन त्यांनी आम्हाला रस्त्यावर रेघा मारून दाखवल्या. मी विचारलं मामा हे तुम्ही वर सांगितलं का, तर म्हणाले ताई आम्हाला कोण विचारतंय. म्हणजे बघा, आम्हाला विचारत नाहीत ते सोडा, स्वतःच्या माणसालाही विचारत नाहीत. त्यांच्या हाताखालचे कंत्राटी कामगार गमबूट नसताना चेंबरपाशी उभे असतात त्याबद्दल तर बोलायलाच नको. माझा राग त्यांच्यावर अजिबात नाहीये, गल्लीत पाणी साठलं की पहिले तेच येतात.

मग आम्ही म्हटलं नुसतं ओरडून काय होणार, रीतसर जाऊ. नागरिकांच्या सूचनांमधून बजेटमध्ये कामं घेतात तो फॉर्म भरला. पुण्यात २००६ च्या सुमाराला हे सहभागी अंदाजपत्रक सुरू झालं, आता इतरही काही पालिका करतात, कल्पना चांगलीच आहे, आपल्या भागात काय व्हावं ते आपण सुचवायचं आणि त्याला पैसे ठेवायचे. आम्ही तीन रविवार बसलो. मामांच्या रेघांवरून नकाशा काढला, गाडलेली ५ चेंबर दाखवली, फोटो जोडले, १४२ सह्या घेतल्या. दोन मागण्या होत्या. चेंबर वर घ्या आणि पावसाळी लाइन वेगळी करा ही पहिली. दुसरी, ज्येष्ठांना चालता येईल असा सलग फूटपाथ. आवक खिडकीवर शिक्का मारून पोच घेतली, ती अजून माझ्या फायलीत आहे.

आठ महिन्यांनी काय आलं? बाकडी! सिमेंटची ८ बाकडी. रस्ता अरुंद, फूटपाथ नाहीच, म्हणून ती रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या धुरात ठेवली आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर माजी नगरसेवकांचं नाव, "यांच्या प्रयत्नातून". विचारायला गेले तर सांगतात मॅडम तुमच्याच अर्जात ज्येष्ठांची सोय लिहिलंय ना. अहो आम्ही चालायची सोय मागितली होती! १४२ सह्यांचा कागद कोणी वाचलाच नाही, त्यातला एक शब्द उचलला आणि जे आधीच कुठेतरी ठरलेलं होतं त्याला चिकटवला. आणि आता कागदोपत्री आमची सूचना मान्य झालेली आहे. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

ज्युनिअर इंजिनिअर कधी जागेवर नसतो, साहेब साईटवर गेलेत. बाकड्यांचं इस्टिमेट कोणी केलं, माहिती नाही. फाईल कुठे आहे, वरती आहे. वरती गेलं की फाईल खाली आहे. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, ३० दिवसांत उत्तर द्यायचा कायदा आहे, एकतिसाव्या दिवशी काहीच नाही, मग अपील केल्यावर अर्धवट दोन झेरॉक्स.

माझं माहेर खेड्यातलं. तिथे वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. मान्य आहे, कितीतरी वेळा कोरम होत नाही, सभा तहकूब होते, कागदावरच उरकतात. पण माझ्या वडिलांनी भर सभेत उभं राहून सरपंचाला टाकीच्या खर्चाचा हिशेब विचारलेला मी लहानपणी बघितलाय आणि सरपंचाला द्यावा लागला होता. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं गावाने ठरवलं आणि पाळलं, ते गावाच्या हातात ठरवायचं होतं म्हणूनच ना? शहरातल्या माणसाला अशी एक तरी सभा आहे का जिथे तो उभा राहून विचारू शकतो? कागदावर आहे! शहरांच्या कारभारासाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, वॉर्ड समित्या त्यात आल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे शेजारशेजारच्या काही मतदान बूथवरच्या मतदारांची सभा, नगरसेवक अध्यक्ष, आणि लोकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेलेत? मी पंधरा वर्षं या गल्लीत राहते, मला एकदाही निरोप नाही. झाडू मारायचा मेसेज मात्र बरोबर येतो.

त्यात २०२२ मध्ये मुदती संपल्यावर मुंबई-पुण्यासकट किती महापालिका जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हातात होत्या, निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये. तेवढा काळ जायचं कोणाकडे? माजी नगरसेवक म्हणणार मी आता माजी, अधिकारी म्हणणार वरून आदेश नाही. तरी बाकांवर नाव टाकायला माजी चालतात. आता निवडून आलेत, तर पहिली क्षेत्रसभा कधी घेणार ते सांगा, फ्लेक्स नंतर लावा.

आणि आपल्याच लोकांनाही बोलणार आहे, राग आला तर येऊ दे. ग्रुपवर १८० जण, पावसात पाणी शिरलं की रात्री दोनला व्हिडिओ टाकतात, आणि इस्टिमेटसाठी मीटिंग ठेवली तर ९ जण. फूटपाथ हवा सगळ्यांना पण स्वतःच्या दारासमोर आला की पार्किंग जातं म्हणून विरोध. आपल्या गल्लीतल्याच दोघांनी त्या १४२ सह्यांतून नाव काढून घेतलं, का तर आमच्या गाड्या कुठे लावायच्या. अशाने तिकडच्या लोकांना किती सोपं होतं, तुमच्यातच एकमत नाही म्हणून फाईल बंद!

पण एकमत नसणं हेच तर बसून सोडवायचं असतं ना. इंजिनिअर, मुकादम मामा, पार्किंगवाले, तळमजल्यावरचे, सगळे एका टेबलाला एक तास बसले असते तर ते झालं असतं. तो एक तास कोणी देत नाही. रविवारी सकाळचे अडीच तास मात्र आमच्याकडून हवेत.

आमच्या इथल्या पालिका कार्यालयात सोमवारी दुपारी ३ ते ५ जाऊन नागरिकांना फायली बघता येतात, फुकट, हे पण कोणी सांगत नाही, मला शेजारच्या निवृत्त क्लार्क काकांकडून कळलं. येत्या सोमवारी मी आणि ते काका जाणार आहोत. बाकड्यांच्या कामाची फाईल, वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तक (प्रत्यक्ष किती काम झालं ते ज्यात लिहितात ते) बघून ८ बाकांचे किती पैसे लागले आणि त्या पैशात किती चेंबर वर आली असती ते लिहून आणणार. मामांच्या नकाशाच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात. ज्यांनी तेव्हा सह्या केल्या होत्या त्यांच्यातल्या दहा जणांनी तरी सोमवारी अडीच वाजता कार्यालयाच्या गेटपाशी या, रविवारी झाडू मारायला नाही आलात तरी चालेल.