नव्याने बदलून आलेल्या पोलीस साहेबांस

साहेब, कोल्हापुरात स्वागत. अंबाबाईचं दर्शन झालं असेल, पांढऱ्या रश्श्याची वाटीही झाली असेल. आता कामाचं बोलू. येत्या पंधरा दिवसांत तुमच्या हद्दीतला एखादा रस्ता अडवला जाणार आहे. कोण अडवणार ते हंगामावर आहे. दिवाळीच्या पुढेमागे ऊस, उन्हाळ्यात पाणी, शाळा सुरू झाल्या की एसटी, आणि अधल्यामधल्या भाकड दिवसांत शक्तिपीठ महामार्ग. एवढं एक वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ठेवा, गोपनीय शाखेचा अर्धा ताण जाईल.

पहिलं काम कागदाचं. आदल्या रात्री प्रतिबंधक नोटीस बजवा. कायदा बदलून ती कलम १६८ ची झाली, तरी आमच्याकडे सगळे तिला अजून ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात. ती घेऊन गेलेल्या हवालदाराला चहा मिळतो. कार्यकर्ता सही करतो आणि हवालदार फाटकाबाहेर पडायच्या आत नोटिशीचा फोटो स्टेटसला लावतो. दोन-चार नोटिसा जास्तीच्या काढून ठेवा. ज्याला नोटीस जात नाही तो पुढारी सकाळीच ठाण्यात येऊन बसतो, “आम्ही काय मेलोय काय?” एवढ्यावरून कायदा-सुव्यवस्था बिघडू नये.

कलमांचं तुम्हाला मी काय सांगणार? राष्ट्रीय महामार्ग वाहतुकीला निकामी केला तर १९५६ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. नोटिशीत हे ठळक छापा, वाचायला भारदस्त वाटतं. साध्या रस्त्यावर अडथळा केला तर इंग्रजांच्या दंडसंहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली आणि तो ५,००० पर्यंत गेला. पंचवीसपट! उसाचा दर या चालीनं वाढला असता तर रस्त्यावर बसायला माणूस मिळाला नसता. त्यानंतर बरोबर एक वर्षानं, १ जुलै २०२५ ला, म्हणजे कृषिदिनालाच, पंचगंगा पुलाजवळ शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखला. कशासाठी, तर नागपूर ते गोवा असा ८०२ किलोमीटरचा दुसरा, म्हणजे शक्तिपीठ महामार्ग आमच्या रानातून नको म्हणून. आहे तो रस्ता अडवून नको असलेला रस्ता थांबवायचा, हा हिशेब बाहेरून आलेल्या माणसाला जरा उशिरा कळतो.

गुन्हा मात्र सुवाच्य अक्षरात नोंदवा. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. तेव्हा नावं नीट लागली नाहीत तर तुमच्या जागी आलेल्या साहेबाची पंचाईत होते.

आता लाठी. ती न्या. हातात असली की बरं दिसतं. पण उगारण्याआधी पुढची रांग बघा. कोल्हापूर शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात ऐंशी ओलांडलेले शेकापचे नेते एन. डी. पाटील पुढे असायचे. त्यांच्या अंगाला हात लावून कुठला शिपाई संध्याकाळी ताठ मानेनं आपल्या गल्लीत शिरला असता? २०१४ च्या जानेवारीत टोलनाके पेटले आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. मधली दोन वर्षं बंदोबस्तात उभं राहिलेल्यांनी काय मिळवलं म्हणाल, तर त्यांचीही चारचाकी नंतर फुकट जाऊ लागली. आणखी एक. तुमचा शिपाई इथलाच आहे. त्याच्या बापाचा ऊस त्याच कारखान्याला गेलाय. तो मोठ्यानं “उठा, उठा, रस्ता मोकळा करा” म्हणतो आणि काखेत हात घालून उचलताना हळूच विचारतो, “आण्णा, कितीवर तुटंल?”

अडकलेल्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. नवीन आहात. एका रास्ता रोकोत मी महामार्गावरच्या शिरोलीच्या अलीकडे एसटीत साडेतीन तास बसलो होतो. शेजारी तमिळनाडूचा एक ट्रक. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, ट्रकच्या सावलीत स्टोव्ह मांडला, भात लावला आणि कांदा चिरत बसला. आंदोलकांतल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या ताटलीत भाकरी ठेवली, भाकरीवर खर्डा. खर्डा तोंडात गेल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते माइकवरून ‘परराज्यातल्या बांधवांचाही पाठिंबा’ म्हणून जाहीर झालं. आमच्या गाडीतली एक बाई कोथिंबिरीची दोन गाठोडी घेऊन बाजाराला निघाली होती. ती खिडकीतून हे सगळं बघत होती आणि दर पाच मिनिटांनी गाठोड्यात हात घालून जुड्या किती तापल्या ते चाचपत होती. तिच्याकडे झेंडा नव्हता, त्यामुळे तिची नोंद कुणाकडेच झाली नाही. तुमच्या डायरीतही होणार नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा मात्र माणसं आपण होऊन दोन बाजूंना झाली आणि ती गेल्यावर पुन्हा बसली. तुमच्या माणसांना शिट्टीसुद्धा वाजवावी लागली नाही.

रस्ता मोकळा कशानं होतो, हे मी तुम्हाला हळू आवाजात सांगतो. फोननं. २०२३ साली शेतकरी नेते राजू शेट्टींनी आदल्या हंगामातल्या उसाला टनामागं ४०० रुपये जादा मागितले. त्यासाठी आधी शेकडो किलोमीटरची आक्रोश पदयात्रा काढली. रस्त्याच्या कडेकडेनं, वाहतुकीला त्रास न देता. माणूस कडेनं चालला तोवर त्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. नोव्हेंबरात तोच माणूस शिरोलीच्या पुलावर मधोमध बसला आणि त्याच दिवशी ऐकू गेलं. ज्यांनी ३,००० च्या आत दर दिला होता त्या कारखान्यांनी १०० द्यायचे आणि वर दिला त्यांनी ५० द्यायचे, असं ठरलं. हे सकाळी न्याहारीच्या वेळी ठरायला काय हरकत होती, हा प्रश्न साहेब, तुम्ही वरती विचारू नका. नोकरीची अजून बरीच वर्षं आहेत. तुम्ही हेल्मेट घालून पुलावर उभे राहा. तुमची नेमणूक रस्ता मोकळा करायला आहे, असं तुम्हाला वाटतंय. खरं तर फोन येईपर्यंत मध्ये उभं राहायला आहे.

फोन आला की मग फार सोपं आहे. हलगी थांबते, घोषणांचा शेवटचा फेर होतो, सतरंज्या झटकल्या जातात. काहींना व्हॅनमध्ये बसवायचं, तासाभरानं सोडायचं. कुणाला जागा कमी पडली तर कुरबुर होते, म्हणून व्हॅन मोठी मागवा. पुढच्या सीटवर बसायचा मान कुणाचा, हे आधी विचारून घ्या.

राहता राहिली पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही तिची धोक्याची पातळी, ती पाठ करा. २०१९ च्या ऑगस्टात तिनं शिरोलीजवळ हाच महामार्ग दिवसच्या दिवस बंद पाडला, २०२१ च्या जुलैत पुन्हा बसली. परवानगी नाही, निवेदन नाही, शिष्टमंडळ नाही. ती उठली तेव्हाच वाहतूक सुरू झाली. जुलै लागला की एक नोटीस तिच्याही नावानं तयार ठेवा. बजवायला कुणाला पाठवायचं ते तुमच्या हवालदाराला विचारा, त्याला पोहता येतं.