राज्यांचे हक्क म्हणे! कसला हक्क ते पण सांगा ना

परवा दादाने (आतेभाऊ, अटलांटाला असतो) फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, की अमेरिकेचं सिव्हिल वॉर (1861-65 चं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध) गुलामगिरीवरून झालंच नाही, ते राज्यांच्या हक्कांसाठी आणि टॅक्सवरून झालं, लिंकनला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं, काळे लोक हजारोंनी दक्षिणेकडून लढले, आणि हे दडपलं गेलं कारण इतिहास जिंकणारे लिहितात. एरवी सोडून दिलं असतं, पण पुतणीला शाळेत यावरच लिहायचंय आणि हा तिला सांगतोय, बॅलन्स्ड लिही, दोन्ही बाजू दे.

बरं, दुसरी बाजू तिच्याच तोंडून ऐकू. देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या काही राज्यांनी आपली कारणं लिहून ठेवलीत, नेटवर फुकट आहेत. मिसिसिपीचं 1861 चं डिक्लरेशन उघडा, दुसऱ्याच वाक्यात म्हणतात की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर त्याहून भारी, की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत आणि न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत. म्हणजे न्यूयॉर्कने स्वतःचा कायदा केला हाच यांच्या लेखी गुन्हा! 1850 मध्ये पळालेले गुलाम पकडून देण्याचा केंद्राचा कायदा यांनाच हवा होता, तेव्हा कुठे गेले होते राज्यांचे हक्क? आणि फुटून कॉन्फेडरसी नावाचा वेगळा देश काढला, त्याची राज्यघटना केली तर त्यात काय, तर कुठल्याही राज्यात गुलाम सोबत नेता येतील, त्या राज्याला पटो न पटो.

जिंकणारे इतिहास लिहितात हे तर इथे साफ उलटं झालंय. अलेक्झांडर स्टीफन्स, या कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष, मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा पाया आहे, आणि हरल्यावर त्यानेच जाडजूड ग्रंथ लिहिला की भांडण घटनेच्या तत्त्वाचं होतं. पुढे युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या, दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशज बायकांच्या संघटनेने शाळांची पुस्तकं तपासायला घेतली, 1920 च्या सुमाराला त्यांच्या इतिहास विभागाच्या बाईंनी चक्क नियमावली काढली, दक्षिण गुलाम टिकवायला लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा. दादाचा फॉरवर्ड याच फॅक्टरीतला माल आहे. इकडे पुण्यात जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, त्यांना बरोबर कळलं होतं भांडण कशाचं ते.

टॅक्सचं एका ओळीत: नवा वाढीव टॅरिफ (आयात कर) मार्च 1861 मध्ये पास झाला, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली होती.

लिंकनचं मात्र अर्धं खरं आहे, मानावंच लागेल. ऑगस्ट 1862 च्या पत्रात तो स्वच्छ लिहितो की एकही गुलाम न सोडता युनियन (एकसंध देश) वाचत असेल तर मी तसं करीन, आणि 1863 चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या गुलामीवाल्या राज्यांना लागूच नव्हता. पण यातून उत्तर सुरुवातीला कशासाठी लढली एवढंच कळतं. दक्षिण का फुटली ते नाही.

राहिले हजारो काळे सैनिक. दक्षिणेच्या सैन्यात जबरदस्तीने नेलेले गुलाम खड्डे खणायला, स्वयंपाकाला होते, ते खरं. पण काळ्यांना सैनिक म्हणून घ्यायचा कायदा दक्षिणेच्या काँग्रेसने (म्हणजे संसदेने) केला मार्च 1865 मध्ये आणि 9 एप्रिलला त्यांचा सेनापती ली शरण आला. तेवढ्यात हे हजारो कुठल्या लढाईत लढले, तेवढं दादाने ग्रुपवर टाकावं.